कामावर झालेली इजा

२ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात, बहानगा बाजार स्थानकाजवळ तीन रेल्वेगाड्यांचा अपघात झाला. २९० हून अधिक माणसे दगावली. एकमेकांत घुसलेल्या डब्यांतून जिवंत माणसे आणि मृतदेह बाहेर काढण्यासाठी जे धावले त्यांत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्याही होत्या. काही दिवसांतच या दलाचे तेव्हाचे महासंचालक अतुल करवाल यांनी दिल्लीतल्या एका जाहीर कार्यक्रमात सांगितले की, तिथे काम केलेल्या एका जवानाला पाणी पाहिले तरी रक्तच दिसते, आणि दुसऱ्या एकाची अन्नावरची वासना उडाली आहे. परतलेल्या जवानांसाठी समुपदेशनाची सोय केल्याचेही त्यांनी सांगितले. बातमी दोन दिवस चालली आणि मागे पडली. मला मात्र ती मोलाची वाटते. गणवेशधारी दलाच्या प्रमुखाने आपल्या माणसांच्या मनाबद्दल उघडपणे बोलावे, त्यात दलाची बदनामी होते असे मानू नये, आणि त्या जवानांची ही अवस्था त्यांनी केलेल्या कामातून आली आहे हे ऐकणाऱ्याला स्वच्छ कळावे, असे आपल्याकडे फार क्वचित घडते. या पुस्तकाच्या पुढच्या सगळ्या पानांतला विचार ज्या एका भूमिकेवर उभा आहे ती याच गोष्टीतून निघते. संकटाच्या जागी सर्वांत आधी पोहोचणाऱ्या माणसाच्या मनाला जे होते ती कामावर झालेली इजा आहे. ती इजा असेल तर तिच्या उपचाराची, विश्रांतीची आणि भरपाईची जबाबदारी काम करून घेणाऱ्यावर येते. कर्मचाऱ्याच्या सहनशक्तीवर, त्याच्या बायकोच्या समजूतदारपणावर किंवा एखाद्या संस्थेच्या सद्भावनेवर ती सोडून देता येत नाही.

बालासोरसारखी दुर्घटना देशाच्या लक्षात राहते. या विषयाचा मोठा भाग मात्र रोजच्या, कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या कामात आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. कुणी रूळ ओलांडताना, कुणी दारातून पडून, कुणी स्वतःहून गाडीपुढे येऊन. यातल्या प्रत्येक मृत्यूला एक साखळी जोडलेली असते. मोटरमन ब्रेक लावतो, पण भरलेली लोकल जागच्या जागी थांबत नाही हे त्याला ठाऊक असते. कधी समोरच्या माणसाचा चेहरा त्याला दिसलेला असतो, आणि तरी गाडी पुढे न्यायची असते, कारण मागे गाड्या खोळंबलेल्या असतात. स्टेशन मास्तर मेमो देतो. हमाल स्ट्रेचर घेऊन रुळांत उतरतात. लोहमार्ग पोलिसांचा शिपाई खिशातला पास, मोबाइल, एखादी चिठ्ठी शोधतो, पंचनामा करतो आणि मग कुणाच्या तरी घरी फोन लावतो. पुढे शवागारातला कर्मचारी आहेच. अग्निशमन दलाला वर्दी आली की जवान निघतात, आत काय आहे हे पोहोचल्यावरच कळते. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतला डॉक्टर आणि चालक महामार्गावरच्या अपघातात अडकलेल्या माणसाशी बोलत बोलत पत्रा कापला जाण्याची वाट पाहतात. गावातल्या बाळंतिणीला वेळेत वाहन मिळाले नाही तर तिच्या शेजारी आशाताई असतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरी त्यांना पुन्हा जायचे असते. यांतल्या कुणाच्याही नोंदवहीत ‘आपत्ती’ असा शब्द येत नाही. तो दिवस त्यांच्या लेखी नेहमीच्या ड्यूटीचा असतो.

अशा ड्यूटीतून जडू शकणारा, आघातानंतर मनावर येणाऱ्या ताणाचा विकार पीटीएसडी या नावाने वैद्यकाच्या अधिकृत यादीत आला तो १९८० साली, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनी त्यासाठी लढा दिला होता. त्याची लक्षणे चार अंगांनी दिसतात. घडलेला प्रसंग न बोलावता पुन्हा समोर येतो, स्वप्नात किंवा भर दिवसा. त्याची आठवण देणारी जागा, वास, माणूस टाळला जातो. स्वतःविषयी आणि जगाविषयीचा भाव काळवंडतो, जवळच्यांबद्दलची माया आटल्यासारखी वाटते. आणि शरीर सतत सावध राहते: झोप लागत नाही, दार आपटले तरी दचकायला होते, क्षुल्लक कारणावरून भडका उडतो. प्रसंगानंतरचे पहिले काही दिवस यातले बरेच काही कुणालाही होते आणि बहुतेकांचे आपोआप ओसरते. महिना उलटूनही ते टिकले आणि काम, घर, नाती बिघडवू लागले तर त्याला विकार म्हणायचे. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, ती या विषयासाठी कळीची आहे. स्वतःच्या जिवावर बेतणे हीच एक अट नाही. कामाचा भाग म्हणून भीषण तपशिलांना वारंवार सामोरे जावे लागणे हाही आघात धरला जातो, आणि तिथे उदाहरणे दिली आहेत ती मानवी अवशेष गोळा करणाऱ्या बचाव कर्मचाऱ्यांची आणि बालकांवरच्या अत्याचाराचे तपशील पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या पोलिसांची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या साधारण ३.९ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी हा विकार होतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात वेगवेगळ्या देशांतल्या २० हजारांहून अधिक बचाव कर्मचाऱ्यांवरचे अभ्यास एकत्र केले गेले, तेव्हा पाहणीच्या वेळी विकार असलेल्यांचे प्रमाण सुमारे १० टक्के निघाले. पहिला आकडा आयुष्यभराचा आहे आणि दुसरा त्या वेळचा, हे लक्षात घेतले तर अंतर दिसते त्याहून मोठे ठरते. याच आढाव्यात रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांचे प्रमाण अग्निशमन दल आणि पोलीस यांच्यापेक्षा जास्त आढळले. आपल्याकडे ज्यांना आपण बचावाच्या चित्रात सर्वांत कडेला ठेवतो त्यांना कदाचित सर्वांत जास्त झळ बसत असेल. पण दुसरी बाजूही तितकीच खरी: दहांतले नऊ जण या विकारापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून प्रत्येक कर्मचारी मनोरुग्ण होणार अशी भीती घालणे चूक आहे. दहांतला एक कुणीही असू शकतो आणि तो कोण हे आधी सांगता येत नाही, एवढ्यावरून व्यवस्था उभी करायला पुरेसे कारण मिळते. कारखान्यात हेल्मेट सगळ्यांना देतात ते याच हिशेबाने.

इजा हा शब्द इथे भावनेच्या भरात वापरलेला नाही, त्याला कायद्यात वजन आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने व्यवसायजन्य आजारांची यादी २०१० मध्ये सुधारली तेव्हा मानसिक विकारांचा गट तिच्यात प्रथमच आला आणि त्यात पीटीएसडीचे नाव स्पष्टपणे घातले गेले. आपल्याकडे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत शिसे आणि पारा यांची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, आवाजामुळे येणारे बहिरेपण होते. इस्पितळात काम करताना लागण झालेले संसर्गजन्य रोगसुद्धा होते. मनाची इजा तिच्यात नव्हती. सरकारी सेवकांना वेगळे नियम लागू होतात, पण त्यांच्यामागचा विचारही शरीराभोवतीच फिरतो. आग विझवताना जवानाचा हात भाजला तर खर्च कुणी द्यायचा, रजा कोणत्या खात्यात टाकायची, याबद्दल वाद होत नाही. त्याच आगीतून लहान मुलाचा देह बाहेर काढल्यावर त्याची झोप उडाली तर तो वैयक्तिक प्रश्न ठरतो, रजा मागायला दुसरेच कारण शोधावे लागते आणि डॉक्टरची फी पगारातून जाते. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने एप्रिल २०१६ मध्ये कायदा करून हा भार उलटवला. अग्निशमन, पोलीस, रुग्णवाहिका अशा सेवांतल्या माणसाला पीटीएसडीचे निदान झाले तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरायचे, नसेल तर ते दुसऱ्या बाजूने दाखवून द्यायचे. मला ही तरतूद उदारपणाची वाटत नाही, साध्या न्यायाची वाटते. ज्याने शंभर अपघात पाहिले त्याला त्यांतला नेमका कोणता अपघात जबाबदार आहे हे सिद्ध करायला लावणे म्हणजे त्याला तेच सगळे पुन्हा पाहायला लावणे आहे.

यावर एक वाजवी प्रश्न येतो. अपघात थांबवणे अग्निशमन दलाच्या हातात नाही, दरड कोसळणे आपत्ती दलाच्या हातात नाही, मग त्यांना जबाबदार कसे धरायचे? उत्तर संशोधनातूनच मिळते. २००० साली क्रिस ब्रुइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. आघातानंतर कुणाला विकार होतो आणि कुणाला होत नाही, हे कशावर ठरते ते त्यांना पाहायचे होते. लिंग, वय, शिक्षण, आधीचे आजारपण या गोष्टींचा संबंध दिसला, पण तो तुलनेने थोडा. जास्त परिणाम दिसला तो आघाताच्या तीव्रतेचा, आघातानंतर आधार न मिळण्याचा आणि त्यापुढच्या आयुष्यात चालू राहिलेल्या ताणाचा. म्हणजे माणूस मुळात कसा आहे यापेक्षा त्या दिवसानंतर त्याच्याशी कसे वागले गेले याला अधिक महत्त्व आहे. आणि हा ‘नंतर’ जवळजवळ पूर्णपणे संस्थेच्या ताब्यात असतो. मृतदेह उचलून आलेल्या माणसाला लगेच पुढच्या कामावर पाठवायचे की नाही, त्याला आठवड्याची सुट्टी खरोखर मिळते की बंदोबस्त लागला की रद्द होते, साहेब त्याला नावाने हाक मारून विचारतात की हजेरीत सगळ्यांसमोर खडसावतात, सलग किती रात्रपाळ्या लागतात, हे सगळे कुणीतरी कागदावर ठरवलेले असते. मुंबई पोलिसांत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो मनावर घेतला, पण त्याचा आराखडा एका साध्या पोलीस कर्मचाऱ्याने मांडला होता. या प्रयोगाकडे कुणी मानसिक आरोग्याचा कार्यक्रम म्हणून पाहिले नाही. मी पाहतो. झोपेच्या वेळा नियमित होणे आणि मुले जागी असताना घरी पोहोचता येणे याच्या तोडीचे ठरेल असे समुपदेशनाचे सत्र नाही.

मदत करायची हे मान्य झाले की संस्था सर्वांत सोपा मार्ग पकडतात: मोठी घटना घडली की सगळ्यांना एका खोलीत बसवायचे, तज्ज्ञ बोलवायचा आणि काय पाहिले, काय वाटले ते प्रत्येकाला बोलायला लावायचे. या पद्धतीचा इतिहास माहीत असणे गरजेचे आहे. अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी, जे स्वतः अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेत काम केलेले होते, १९८३ साली ती मांडली. हेतू चांगला होता आणि प्रसार झपाट्याने झाला. मग चाचण्या झाल्या. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर केलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष १९९७ मध्ये आले. ज्यांना असे एक सत्र दिले होते त्यांच्यातल्या २६ टक्क्यांना तेरा महिन्यांनंतर पीटीएसडी होता, ज्यांना दिले नव्हते त्यांच्यात ९ टक्क्यांना. सत्र मिळालेल्यांच्या जखमा मुळातच थोड्या अधिक गंभीर होत्या, त्यामुळे सगळा दोष सत्रावर टाकता येत नाही. ही पद्धत एकेकट्या रुग्णासाठी नव्हतीच, एकत्र काम करणाऱ्या गटासाठी होती, असे तिचे समर्थक म्हणतात, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही पुढे कॉक्रेन आढाव्याने सगळ्या चाचण्या तपासून अशा एका सत्राने विकार टळत नाही असा निष्कर्ष काढला, आणि ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत ते नेमाने देऊ नये असे सांगितले. ज्याचे मन अजून त्या प्रसंगाला हात लावायला तयार नाही त्याला सहकाऱ्यांसमोर तो उघडायला लावणे, कधी दुसऱ्याच्या तोंडून आपण न पाहिलेले तपशील ऐकायला लावणे, हे घातक ठरू शकते.

यावरून काही करूच नये असा अर्थ काढणारेही भेटतात. तो चुकीचा आहे. कोणत्या वेळी काय करायचे याचे भान यावे, एवढाच त्या इतिहासाचा धडा. पहिल्या दिवसांत लागते ते अगदी साधे असते: सुरक्षित जागा, गरम जेवण, झोप, घरी फोन, कुणी तरी जवळ असणे आणि बोलण्याची सक्ती नसणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये काढलेली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका नेमके हेच सांगते आणि ते करायला डॉक्टर असावे लागत नाही. दुसरा टप्पा लक्ष ठेवण्याचा. ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये रुजलेल्या पद्धतीत दलातल्याच काही जणांना थोडे प्रशिक्षण देतात. ते घटनेनंतर साधारण तीन दिवसांनी आणि पुन्हा महिन्याभराने सहकाऱ्याशी ठरलेल्या प्रश्नांच्या आधारे बोलतात. उपचार करणे हे त्यांचे काम नसते. कुणाची लक्षणे ओसरत नाहीत हे ओळखून त्याला पुढे पोहोचवणे एवढेच ते करतात. आणि तिसरा टप्पा खऱ्या उपचाराचा. आघातावर केंद्रित असलेली वर्तन-विचार उपचारपद्धती, डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी ईएमडीआर, गरजेप्रमाणे नैराश्यावरची ठरावीक औषधे, यांचा उपयोग होतो हे तपासून पाहिलेले आहे. बारा-पंधरा बैठकांत पुष्कळ जण सावरतात. हा विकार बरा होऊ शकतो ही गोष्ट कर्मचाऱ्यांच्या कानावर जवळजवळ कधीच जात नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचते ती झोपेची गोळी आणि दारू. आघातानंतरच्या पहिल्या काळात बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या देऊ नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच बजावले आहे, आणि दारूने लक्षणे तात्पुरती दबतात पण मन त्या आठवणीचा निचरा करू शकत नाही. वर्षातून एकदा होणाऱ्या ‘ताणतणाव व्यवस्थापन’ शिबिरात श्वासाचे व्यायाम शिकवले जातात. त्यांना माझा विरोध नाही, पण ते या तीन टप्प्यांपैकी कुठेच बसत नाहीत.

एक वेदना मात्र अशी आहे की तिच्यावर उपचारपद्धतीही पुरी पडत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर जायला गाडीरस्ता नव्हता, यंत्रे नेता येत नव्हती, पाऊस थांबत नव्हता. कर्मचारी चिखल तुडवत डोंगर चढले आणि फावड्यांनी, हातांनी खणत राहिले. चढतानाच नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. २७ मृतदेह हाती लागले, आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला तेव्हा ५७ माणसे बेपत्ताच होती. निर्णय योग्यच असेल. पण नातेवाईक पाहत असताना फावडे खाली ठेवून उतरायचे होते ते खणणाऱ्यांना. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती झाली आणि किमान २२ रुग्ण दगावले. रुग्णांचा श्वास खालावत जाताना परिचारिका आणि वॉर्डबॉय खाटांपाशीच होते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनामच्या सैनिकांसंदर्भात अशा अवस्थेला नैतिक इजा म्हटले. जे योग्य आहे ते आपल्या हातून झाले नाही, किंवा वरच्यांनी ते होऊ दिले नाही, या जाणिवेतून ती होते. इथे भीतीपेक्षा अपराधाची आणि विश्वासघाताची भावना खोल जाते. त्यावर उपाय वैद्यकाबाहेर आहे. निर्णय कुणी घेतला, का घेतला, साधनसामग्री कुठे कमी पडली, हे वरिष्ठांनी कर्मचाऱ्यांसमोर स्पष्ट बोलायचे आणि चौकशीत खालच्या माणसाला बळी द्यायचे नाही. दोषाचा भार वर उचलला गेला नाही तर तो खाली साचतो, आणि तिथे त्याला वाचा नसते.

आता आक्षेपांकडे. सर्वांत जुना आक्षेप असा की सवय होते. ज्याला रक्त पाहवत नाही त्याने या कामात येऊच नये. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने हाच विचार केला. तोफांच्या माऱ्याने हादरलेल्या सैनिकांत भेकड शोधले गेले, आणि भित्रेपणा, पलायन अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना माफी मिळायला २००६ साल उजाडावे लागले. अनुभवाने हात सराईत होतात, निर्णय लवकर घेता येतात, हे खरे आहे आणि त्याचा संरक्षक उपयोगही होतो. पण आघात एकावर एक साचतात हेही तितकेच खरे. वीस वर्षे काहीही न झालेला हवालदार एका साध्या अपघातानंतर कोसळतो, कारण त्या मुलीच्या पायात त्याच्या मुलीच्या चपलेसारखी चप्पल होती. त्याला नवखा म्हणणार का?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो अधिकारी खासगीत करतात. मानसिक आजाराची नोंद झालेल्या माणसाच्या हाती शस्त्र कसे द्यायचे, गाडी कशी द्यायची? आणि अशी सवलत ठेवली तर कामचुकार तिचा फायदा घेणार नाहीत का? पहिल्या भागाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ च्या निकालात दिले आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याचे ते प्रकरण होते. मानसिक विकार असलेल्या कर्मचाऱ्यावर त्या विकाराशी निगडित वर्तनासाठी शिस्तभंगाची कारवाई करणे हा भेदभाव आहे, असे न्यायालयाने म्हटले. गरज पडल्यास त्याला दुसऱ्या पदावर घ्यावे, पगार आणि सेवाशर्ती कायम ठेवाव्यात, आणि ते पद शस्त्र हाताळण्याचे नसावे याची काळजी दल घेऊ शकते, असा मार्गही दाखवला. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० चा हाच आधार आहे. सुरक्षेचा मुद्दा खरा आहे, म्हणूनच आजार लपवायला भाग पाडणारी व्यवस्था जास्त धोक्याची आहे. ज्याला नोंदीची भीती वाटते तो पिस्तूल घेऊनच ड्यूटीवर येत राहतो. म्हणून समुपदेशकाकडे झालेले बोलणे सेवापुस्तकात जाता कामा नये, आणि बढतीच्या समितीला त्याचा वाससुद्धा लागता कामा नये. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेवढा अपवाद ठेवावा, आणि तो आधी सांगून ठेवावा. लबाडीच्या शंकेबद्दल एवढेच की पाठदुखीच्या दाखल्यावरही लबाडी करता येते, म्हणून कुणी हाडांचा दवाखाना बंद करत नाही.

तिसरा आक्षेप संस्कृतीच्या नावाने येतो: ही पाश्चात्य कल्पना आहे, आपल्याकडे कुटुंब आहे, देवधर्म आहे, माणूस माणसाला सावरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर साधारण महिन्याभरात वाचलेल्यांच्या एका छोट्या गटाची पाहणी झाली, ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ५९ टक्के लोकांत मानसिक विकार आढळले, आणि त्यांत पीटीएसडी आणि तीव्र नैराश्य प्रमुख होते. मराठवाड्यातल्या त्या शेतकरी माणसांनी हे नाव ऐकलेही नव्हते. कुटुंबाचा आधार नाकारण्याचे कारण नाही, उलट वर सांगितलेले संशोधन त्याचीच साक्ष देते. पण कामावरचे घरी सांगायचे नाही असा या क्षेत्रांत अलिखित नियम असतो. बायको-मुलांना त्या चित्रांपासून दूर ठेवावे हा त्यामागचा हेतू प्रेमाचाच असतो, आणि त्याचा परिणाम असा की घर फक्त चिडचिड आणि अबोला पाहते, कारण पाहत नाही. घरच्यांना तपशील कळायची गरज नाही. हे कामामुळे होते आहे आणि ते बरे होते, एवढे संस्थेने त्यांना सांगितले तरी घर आधार द्यायला मोकळे होते.

राहिला पैशाचा आणि माणसांचा प्रश्न. देशात लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पडत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सर्वसाधारण मानसिक विकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांविना असल्याचे दिसले. तज्ज्ञांची वाट पाहत बसलो तर एक पिढी निवृत्त होईल. पण वरच्या तीन टप्प्यांपैकी पहिल्या दोहोंना तज्ज्ञ लागतच नाहीत, सहकारी लागतात. पुण्यात १९८६ पासून चालू असलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्यांना हात देतात, त्यामुळे त्या अनुभवातून गेलेल्याचा शब्द किती लवकर पोहोचतो हे महाराष्ट्राला नवे नाही. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मोफत चालते, मराठीतही बोलता येते. मानसिक आरोग्य काळजी कायदा, २०१७ ने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला सांगितले आहे. पाया आहे. प्रत्येक अग्निशमन केंद्रात, पोलीस ठाण्यात, रुग्णवाहिकेच्या तळावर दोन प्रशिक्षित सहकारी आणि जिल्हा रुग्णालयापर्यंतची एक ठरलेली वाट, एवढे उभे करण्याचा खर्च महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात शोधावा लागेल इतका छोटा आहे.

सर्वांत अवघड जागा पुढे आहे, आणि या पुस्तकाने ती टाळलेली नाही. काम करून घेणारा जबाबदार असे म्हटले की काम करून घेणारा नेमका कोण, हे विचारावे लागते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या आशा कर्मचारी सरकारच्या लेखी स्वयंसेविका आहेत, त्यांना पगार नाही, मोबदला आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, त्याने त्यांच्या नोकरीची व्याख्या बदलली नाही. रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी कंत्राटी, पुष्कळ ठिकाणी सफाई आणि शवागारातले कामगारही ठेकेदाराचे, रुळांवरून देह उचलणारा हमाल कुणाचाच नाही. ज्यांचा संबंध आघाताशी सर्वांत जवळचा त्यांचा संबंध आस्थापनेशी सर्वांत दूरचा, अशी ही रचना आहे, आणि रजा, विमा, समुपदेशन हे सगळे आस्थापनेच्या यादीवरून वाटले जाते. यावर शासनाचे नेहमीचे उत्तर असते की हे आमचे कर्मचारी नाहीत. पण ३० मार्च २०२० रोजी केंद्राने करोनाशी लढणाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे विमा कवच लागू केले तेव्हा आशा, कंत्राटी, रोजंदारीवरचे आणि बाह्यस्रोतातून घेतलेले कर्मचारी या सगळ्यांना त्यात धरले होते. नियुक्तीपत्र कुणाचे आहे हे त्या वेळी आड आले नाही, कामाची जागा पाहिली गेली. ते कवच होते मृत्यूसाठी. त्याच वॉर्डात, त्याच लाटेत काम करून जे जिवंत परतले आणि अजून झोपू शकत नाहीत त्यांच्यासाठी तोच नियम लावायला नवी संकल्पना शोधावी लागत नाही. नियुक्तीपत्राऐवजी कामाची जागा पाहायची, आणि मृत्यूबरोबर इजाही मोजायची, एवढा बदल त्या आदेशाच्या भाषेत करावा लागेल. तो कसा करता येईल, त्याचा खर्च कुणी उचलायचा आणि ठेकेदाराच्या करारात कोणती अट घालायची, याची चर्चा पहिल्याच प्रकरणात सुरू होते.